गस्तीची जहाजं गोव्यात, काळजी धानाच्या बांधीत : ११ जहाजं वेळेत मिळणं भंडाऱ्यालाही का महत्त्वाचं?

भंडारा : पऱ्हे तयार झाले, पाऊस लागला की रोवणीची घाई सुरू होते. नेमक्या त्याच दिवसांत कृषी केंद्रासमोर डीएपीच्या बॅगेसाठी रांग लागते. लाखांदूरपासून तुमसरपर्यंत हे चित्र नवीन नाही. बॅग मिळाली नाही की लोक दुकानदाराला बोलतात, कधी कृषी विभागाला बोलतात. पण त्या बॅगेतला माल अनेकदा सौदी अरेबिया, मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून जहाजाने आलेला असतो. ते जहाज समुद्रात कुठे अडकलं, कोणत्या वाटेने वळवावं लागलं, याची चर्चा दुकानासमोर होत नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात हुथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. त्यामुळे अनेक कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. प्रवास लांबला, भाडं वाढलं, विमा महागला. डीएपीची ५० किलोची बॅग शेतकऱ्याला १,३५० रुपयांतच मिळावी म्हणून केंद्र सरकारला नेहमीच्या अनुदानावर टनामागे ३,५०० रुपयांचं वेगळं पॅकेज द्यावं लागलं आणि १ जानेवारी २०२५ पासून ते पुढे वाढवावं लागलं. बॅगेवरचा भाव तोच राहिला, पण समुद्रातल्या गडबडीचा बोजा सरकारी तिजोरीवर पडला. हा पैसाही शेवटी लोकांचाच.

स्वयंपाकाच्या गॅसचंही तसंच. देशात जेवढा गॅस लागतो त्यातला निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, तोही बहुतेक आखाती देशांतून, समुद्रमार्गे. म्हणजे ज्या जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, त्या जिल्ह्यातली चूल आणि बांधी दोन्ही समुद्राला बांधलेल्या आहेत. म्हणून गोव्यात आणि कोलकात्यात सध्या जे काम चाललं आहे, त्याकडे भंडाऱ्यातल्या माणसानेही लक्ष द्यायला हवं.

नेमकं काय बनत आहे?

३० मार्च २०२३ रोजी संरक्षण मंत्रालयाने नौदलासाठी ११ नव्या गस्ती जहाजांचा करार केला. किंमत सुमारे ९,७८१ कोटी रुपये. त्यातली सात जहाजं वास्को इथलं गोवा शिपयार्ड बांधणार आणि चार कोलकात्याचं गार्डन रीच शिपबिल्डर्स. दोन्ही सरकारी कंपन्या आहेत. करारानुसार सप्टेंबर २०२६ पासून एकेक जहाज नौदलाच्या ताब्यात यायला सुरुवात व्हायची आहे. गोव्यात पहिल्या जहाजाचा कणा २०२४ मध्येच बसवला गेला.

एक जहाज साधारण ११३ मीटर लांब, म्हणजे जवळपास ३७० फूट. वजन सुमारे ३,००० टन. जास्तीत जास्त वेग ताशी ४२ किलोमीटरच्या आसपास. रस्त्यावर हा वेग काहीच नाही, पण या जहाजांची खरी ताकद वेगात नाही, दमात आहे. बेताच्या वेगाने चाललं तर इंधन न भरता साडेपंधरा हजार किलोमीटर जाण्याची त्याची क्षमता असेल. आठवडेच्या आठवडे समुद्रात थांबायचं, फिरत राहायचं, नजर ठेवायची, हेच त्याचं काम.

याशिवाय तटरक्षक दलासाठी सहा गस्ती जहाजांचा वेगळा करार २० डिसेंबर २०२३ रोजी मुंबईच्या माझगाव डॉकशी झाला. त्याची किंमत सुमारे १,६१५ कोटी. त्यातली चार जहाजं जुन्यांच्या जागी येतील आणि दोन नव्याने भर पडेल. तटरक्षक दल मुख्यतः आपल्या हद्दीतलं पाहतं, तर नौदलाची गस्त त्याही पलीकडे खोल समुद्रात जाते.

तलाव सोसायटीचा, मासे कोणाचे?

समुद्रात किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत मासे, तेल, वायू आणि खनिजांवर त्या त्या देशाचा हक्क असतो. भारताच्या वाट्याला असा तेवीस लाख चौरस किलोमीटरहून मोठा समुद्र आला आहे. महाराष्ट्राच्या सातपटीपेक्षाही जास्त. मुंबई हायच्या तेलविहिरी याच पट्ट्यात आहेत.

भंडाऱ्याच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. जिल्ह्यात मामा तलाव आहेत, मच्छीमार सोसायट्या आहेत. तलाव कागदावर सोसायटीच्या नावाने असतो. पण रात्री राखण नसली, पाण्यात डोंगा फिरला नाही, तर बीज कोणी सोडलं आणि मासे कोणी नेले याचा हिशोब लागत नाही. ढिवर समाजाला हे कोणी सांगायची गरज नाही. समुद्राचंही तसंच आहे. नकाशावर रेघ ओढली म्हणून हक्क राहत नाही, तिथे कोणीतरी हजर असावं लागतं.

राखण नसली की काय होतं, हे २६ नोव्हेंबर २००८ ला देशाने पाहिलं. पोरबंदरची ‘कुबेर’ नावाची मासेमारी नौका समुद्रात पळवून दहा अतिरेकी मुंबईपर्यंत आले. त्यानंतर २००९ मध्ये किनारा आणि समुद्र दोन्हींच्या सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली. काम वाढलं, पण फिरायला जहाजं मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत.

बांधावर चक्कर मारायला हार्वेस्टर

नौदलाकडे या प्रकारची गस्ती जहाजं मुख्यतः दोन पिढ्यांची आहेत. ‘सुकन्या’ वर्गातली सहा जहाजं १९८९ ते १९९३ या काळात दाखल झाली. तिशी ओलांडलेली ही जहाजं अजून कामाला लावावी लागतात. दुसरी पिढी म्हणजे गोवा शिपयार्डने बांधलेली ‘सरयू’ वर्गातली चार जहाजं : सरयू, सुनयना, सुमेधा आणि सुमित्रा. ती २०१३ आणि २०१४ मध्ये आली.

या चारांनी किती काम केलं, ते पाहण्यासारखं आहे. २०१५ मध्ये येमेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा एडन बंदरातून साडेतीनशेच्या आसपास भारतीयांना ‘सुमित्रा’ने बाहेर काढलं. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये लढाई सुरू झाली, तेव्हा पोर्ट सुदानहून २७८ जणांची पहिली तुकडी घेऊन ‘सुमेधा’ निघाली. जानेवारी २०२४ च्या शेवटी ‘सुमित्रा’ने दोन दिवसांत सोमालियाच्या बाजूला दोन मासेमारी नौका चाच्यांच्या तावडीतून सोडवल्या. एका नौकेवर १७ इराणी होते, दुसरीवर १९ पाकिस्तानी खलाशी. समुद्रात माणूस वाचवताना पासपोर्ट पाहत नाहीत.

पण चार नवी आणि सहा जुनी जहाजं एवढ्या मोठ्या समुद्राला पुरत नाहीत. मग काय होतं? मोठ्या युद्धनौका गस्तीवर पाठवाव्या लागतात. जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’ या मालवाहू जहाजावरच्या २१ जणांची सुटका करायला ‘आयएनएस चेन्नई’ गेली. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ हे जहाज सोडवून ३५ चाच्यांना पकडलं ते ‘आयएनएस कोलकाता’ने, भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटर दूर. चेन्नई आणि कोलकाता या दोन्ही विनाशिका आहेत, म्हणजे शत्रूच्या नौदलाशी लढायला बांधलेल्या नौका. ‘रुएन’सारख्या मोठ्या कारवाईला अशी नौका लागली हे ठीक. पण रोजच्या फिरण्यालाही तीच वापरावी लागत असेल, तर तो तोट्याचा व्यवहार आहे.

हिशोब सोपा आहे. ११ जहाजांचे ९,७८१ कोटी, म्हणजे एक गस्ती जहाज साधारण ८९० कोटींना पडतं. ‘विशाखापट्टणम’ वर्गातल्या चार विनाशिकांचा खर्च ३५ हजार कोटींच्या वर गेला, म्हणजे एक जवळपास नऊ हजार कोटींची. दोन्ही किमती वेगवेगळ्या सालातल्या आहेत, तरी अंदाज येतो. एका विनाशिकेच्या पैशांत दहा गस्ती जहाजं होतात. बांधावर चक्कर मारायला कोणी हार्वेस्टर काढत नाही, त्याला सायकल पुरते. सायकल नसेल तर मात्र हार्वेस्टर काढावं लागतं, डिझेल जळतं, यंत्र झिजतं आणि कापणीच्या वेळी नेमकं बंद पडतं.

गस्ती जहाजाची मर्यादाही इथेच सांगायला हवी. ते लढाईचं जहाज नाही. त्यावर तोफ असते, हेलिकॉप्टर उतरण्याची सोय असते, पण क्षेपणास्त्रांचा मारा अंगावर आला तर ते एकट्याने टिकणार नाही. लाल समुद्रात हुथींनी डागलेली क्षेपणास्त्रं थांबवणं हे त्याचं काम नाही. चाचे, तस्कर, चोरून मासेमारी करणारे, बुडणारी नौका, परदेशात अडकलेले लोक, वादळानंतरची मदत, हे त्याचं काम. ते काम त्याने केलं तर मोठ्या नौका मोठ्या धोक्यासाठी मोकळ्या राहतात. खताची आणि गॅसची जहाजं सुखरूप येण्यात त्याचा वाटा एवढा आहे. कमीही नाही आणि जास्तही नाही.

स्लॅब पडला म्हणजे घरकुल झालं नाही

जहाज बांधणं म्हणजे काय, ते घरकुलाच्या उदाहरणाने कळतं. आधी पोलादाच्या जाड पत्र्यांवर संगणकाच्या मापाने कापणी होते. त्या कार्यक्रमालाही पाहुणे येतात, फोटो निघतात. मग जहाजाचे मोठे मोठे तुकडे वेगवेगळे तयार होतात. कित्येक तुकडे उलटे ठेवून जोडतात, कारण डोक्यावर हात करून वेल्डिंग करण्यापेक्षा खाली वाकून केलेलं वेल्डिंग चांगलं येतं. त्यानंतर कणा बसवतात, म्हणजे पहिला तुकडा बांधणीच्या जागेवर ठेवतात. घराच्या पायाभरणीसारखं. मग तुकड्याला तुकडा जोडत जहाजाचा आकार तयार होतो आणि एक दिवस नारळ फोडून ते पाण्यात उतरवतात.

टीव्हीवर दिसतो तो हा दिवस. बघणाऱ्याला वाटतं, जहाज झालं. खरं तर ते स्लॅब पडलेलं घर असतं. नळ नाही, वायरिंग नाही, दारं-खिडक्या नाहीत. त्यानंतर किलोमीटरच्या किलोमीटर केबल ओढायच्या असतात, पाइप टाकायचे, यंत्रं सुरू करायची, रडार, तोफ, रसोईघर, झोपायच्या जागा, सगळं बसवायचं असतं. मग बंदरात चाचणी, नंतर समुद्रात चाचणी. त्यात दोष निघतात, ते दुरुस्त करून पुन्हा चाचणी. सगळं पास झालं की शिपयार्ड जहाज नौदलाच्या ताब्यात देतं आणि मग ते सेवेत दाखल होतं. पाण्यात उतरवण्यापासून दाखल होईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन वर्षं सहज जातात.

म्हणून जहाजाच्या बातमीत एकच तारीख खरी धरावी : ताब्यात दिल्याची. बाकी सगळे कार्यक्रम मधले हप्ते आहेत.

२०११ मध्ये काय झालं होतं?

ही काळजी उगाच नाही. मे २०११ मध्ये नौदलाने अशाच पाच गस्ती जहाजांची ऑर्डर गुजरातमधल्या पिपावाव शिपयार्डला दिली होती. खासगी शिपयार्डला मिळालेलं ते मोठं काम होतं, सुमारे तीन हजार कोटींचं. त्याचं कौतुकही झालं. पुढे कंपनीची मालकी बदलली, ती रिलायन्स नेव्हल झाली. जुलै २०१७ मध्ये ‘शची’ आणि ‘श्रुती’ ही दोन जहाजं पाण्यात उतरवली गेली. फोटो निघाले, भाषणं झाली.

पण ताब्यात एकही जहाज आलं नाही. कंपनी कर्जात बुडाली, २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि नौदलाने करार रद्द केला. दहा वर्षांच्या वाटेत पाचापैकी शून्य. जी जहाजं २०२४ मध्ये चाच्यांच्या मागे धावायला हवी होती, ती नव्हतीच. त्यांची उणीव जुन्या जहाजांना आणि विनाशिकांना भरून काढावी लागली. उशिराचं बिल असं येतं. त्याची पावती कोणाला मिळत नाही, पण पैसे भरावेच लागतात.

या वेळी काम दोन सरकारी शिपयार्डकडे आहे, हा फरक मोठा आहे. गोवा शिपयार्डला गस्ती जहाजांचा हात बसलेला आहे. ‘सरयू’ वर्गातली चार जहाजं त्यांचीच. तटरक्षक दलाची ‘समर्थ’ वर्गातली सहा जहाजंही त्यांचीच. श्रीलंकेच्या नौदलालाही त्यांनी २०१७-१८ मध्ये दोन गस्ती जहाजं बांधून दिली. १९५७ मध्ये पोर्तुगीज राजवटीत खनिजाच्या बार्जच्या कामासाठी निघालेला हा छोटा कारखाना आज इथवर आला आहे.

पण दोन्ही शिपयार्डच्या हातात कामही भरपूर आहे. गोव्यात या सात जहाजांसोबत ‘त्रिपुट’ आणि ‘तवस्य’ या दोन मोठ्या युद्धनौकांचं काम आलं. त्यांचा करार २०१९ चा. कोलकात्यात पाणबुडीविरोधी नौका आणि मोठ्या युद्धनौकांची कामं सोबतच चालली. एकाच मिस्त्रीने गावात चार घरांचं काम घेतलं की काय होतं, हे ज्याने घर बांधलं त्याला विचारावं. मिस्त्री चांगला असतो, कामही चांगलं करतो, पण कोणाच्या घरी कधी येईल याचा भरवसा नसतो.

भंडाऱ्याला उशीर शिकवायला नको

काम लांबलं की कोण भरतं, याचा अनुभव या जिल्ह्याइतका फार थोड्यांना असेल. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. मूळ खर्च ३७२ कोटी. तो वाढत वाढत अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. मधल्या काळात प्रकल्प राष्ट्रीय झाला. गावं उठली, पुनर्वसनाची भांडणं कोर्टापर्यंत गेली, आणि ज्या पोराच्या जन्माच्या साली भूमिपूजन झालं, त्याची पोरं आता शाळेत आहेत, तरी शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचण्याची वाट अजून पाहिली जाते.

दुसरं उदाहरण साकोली तालुक्यातल्या मुंडीपारचं. २०१३ मध्ये तिथे भेलच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. पोरांना काम मिळेल या आशेने शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. कारखाना उभा राहिला नाही. विशेष म्हणजे नौदलाच्या जहाजांवरची ७६ मिलिमीटरची तोफ हीच भेल कंपनी हरिद्वारच्या कारखान्यात बनवते. हरिद्वारला तरी समुद्र कुठे आहे? जहाजाचं काम समुद्राकाठच्या गावांनाच मिळतं असं नाही. जिथे कारखाना वेळेत उभा राहिला, तिथे ते जातं.

जिल्ह्याचा वाटा आहेच

मँगनीजशिवाय पोलाद होत नाही. जहाजाच्या पत्र्यात ते साधारण एक-दीड टक्का असतं, त्यानेच पत्र्याला चिवटपणा येतो. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मॉइल कंपनी हेच मँगनीज काढते. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. युद्धनौकांचं खास पोलाद पूर्वी रशियातून आणावं लागायचं. ते आता सेल कंपनी देशातच बनवते. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी सेलने सुमारे ३० हजार टन पोलाद दिलं, ते भिलाई, बोकारो आणि राउरकेलाच्या कारखान्यांतून. यातलं भिलाई भंडारा रोड स्टेशनवरून त्याच रेल्वे मार्गावर दोनशे किलोमीटर अंतरावर आहे.

आणि संरक्षणाचं सामान बनवण्याची किंमत काय असते, हे जवाहरनगरला वेगळं सांगायला नको. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या आयुध कारखान्यात स्फोट झाला, छत कोसळलं आणि आठ कामगारांचा जीव गेला. जिल्ह्यातल्या कित्येक घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. संरक्षण उत्पादनाच्या बातमीत आकडे कोटींचे असतात, पण काम हातानेच होतं आणि धोका अंगावरच घ्यावा लागतो. शिपयार्डमध्येही तसंच. बंद टाकीच्या आत शिरून वेल्डिंग करायचं असतं, तिथे हवा कमी असते, आगीची भीती असते, उंचावरून पडण्याची भीती असते. ‘वेळेत काम’ म्हणताना ‘घाईत काम’ होऊ नये, हेही तितकंच महत्त्वाचं.

काम कोणाला मिळणार?

या ११ जहाजांच्या बांधणीतून साडेसात वर्षांत ११० लाख मनुष्यदिवसांचा रोजगार तयार होईल, असं संरक्षण मंत्रालयाने करारावेळी सांगितलं होतं. आकडा ऐकायला फार मोठा वाटतो. तो उलगडून पाहिला तर असा : वर्षाला सुमारे १४ लाख ६७ हजार दिवस. एका माणसाचे वर्षाला ३०० दिवस धरले, तर सुमारे ४,९०० लोकांना साडेसात वर्षं काम. त्यात शिपयार्डचे लोक आले, कंत्राटदारांचे आले आणि सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांतलेही आले. देशाच्या मानाने आकडा लहान आहे. पण आयटीआय झालेल्या पोरासाठी तो दरवाजा आहे, बंद भिंत नाही.

जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत. तिथे शिकवले जाणारे वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड जहाज बांधणीत रोज लागतात. मुंबईचं माझगाव डॉक अप्रेंटिस म्हणून आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय पास अशा तिन्ही गटांतून मुलं घेतं. वेल्डर, रिगर, पाइप फिटर, स्ट्रक्चरल फिटर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड असतात. परीक्षा असते, स्टायपेंड मिळतो. अप्रेंटिस झालं म्हणजे कायम नोकरी लागलीच असं नाही. पण शिपयार्डचं प्रमाणपत्र असलेला वेल्डर रिकामा बसत नाही, हे खरं.

नौदलात जायचं असेल तर अग्निवीरची वाट आहे. दहावी पास मुलांसाठी एमआर, आणि बारावीला गणित-भौतिकशास्त्र असलेल्यांसाठी एसएसआर. मुलींनाही संधी आहे. प्रशिक्षण ओडिशातल्या ‘आयएनएस चिल्का’ इथे होतं. सेवा चार वर्षांची असते आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे ठेवलं जातं, हे घरच्यांनी आधीच समजून घ्यावं.

दोन गोष्टी मात्र गाठीला बांधून ठेवाव्यात. पहिली, ‘शिपयार्डमध्ये लावून देतो’, ‘नेव्हीत ओळख आहे’ असं सांगून पैसे मागणाऱ्याला घरात बसू देऊ नये. या भरतीची जाहिरात कंपनीच्या किंवा नौदलाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येते आणि अर्ज तिथेच भरायचा असतो. एजंटाला दिलेले लाख-दोन लाख परत येत नाहीत. दुसरी, कंत्राटदाराकडून काम मिळालं तर जाण्याआधी पीएफ, ईएसआय किंवा विमा, राहायची सोय आणि सुरक्षेची साधनं याबद्दल कागदावर काय लिहिलं आहे ते पाहावं. नुसत्या फोनवरच्या बोलण्यावर हजार किलोमीटर लांब जाऊ नये.

पुढे काय पाहायचं?

येत्या काळात या जहाजांच्या बातम्या वाढत जातील. एखादं पाण्यात उतरेल, एखाद्याचं नाव जाहीर होईल, मोठे पाहुणे येतील. त्या गर्दीत तीन प्रश्न विचारले तर खरी स्थिती कळेल.

एक, किती जहाजं पाण्यात उतरली हे नाही, तर किती ताब्यात दिली गेली? करारात सुरुवात सप्टेंबर २०२६ ची आहे. महिना-दोन महिने इकडे तिकडे झाले तर समजू शकतं, पण वर्षं जाऊ लागली तर कारण जाहीर झालं पाहिजे.

दोन, ‘सुकन्या’ वर्गातली जुनी जहाजं निवृत्त व्हायच्या आधी नवी येतात की नंतर? जुनं बैल विकून टाकलं आणि नवं आलंच नाही, तर रोवणीच्या हंगामात चिखलणी कशाने करायची?

तीन, ११० लाख मनुष्यदिवसांतले विदर्भाच्या वाट्याला किती आले? हा प्रश्न जिल्ह्याच्या खासदारांना लोकसभेत विचारता येतो, त्याचं लेखी उत्तर मिळतं. आयटीआयमधल्या किती मुलांनी माझगाव डॉक किंवा गोवा शिपयार्डचे फॉर्म भरले, किती निवडले गेले, हे पालकांना आणि ग्रामपंचायतीला आयटीआयमध्ये जाऊन विचारता येतं.

पुढच्या खरिपात कृषी केंद्रासमोर पुन्हा रांग लागेल. बॅग वेळेत आली तर कोणी समुद्राची आठवण काढणार नाही, आणि तसंच व्हायला हवं. राखणदार जागेवर असला की त्याची आठवण होत नाही. पण ती बॅग बंदरात वेळेत उतरावी म्हणून दूर समुद्रात जी जहाजं फिरायला हवीत, त्यांचं वेल्डिंग आज वास्को आणि कोलकात्यात सुरू आहे. ते कधी संपतं, हे विचारायचा हक्क समुद्र कधीच न पाहिलेल्या शेतकऱ्यालाही आहे.